नऊ आठवडे पुढे

अकरावीला वरच्या पातळीचं कॅल्क्युलस आणि वरच्या पातळीचं फिजिक्स एकाच वर्षी घ्यायला त्या शाळेत बंदी नव्हती. फक्त अर्जावर पालकांच्या दोन सह्या लागायच्या, एक विषयांच्या नावांखाली आणि दुसरी 'आम्हाला पूर्ण कल्पना आहे' या ओळीखाली. कसली कल्पना, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मुलीने अर्ज आणला तेव्हा वडील घरीच होते. एरवी त्या वेळी ते कारखान्यात लेथवर उभे असायचे. तीस वर्षं टर्नर म्हणून गेली, लोखंडाला गोलाई देण्यात. पण त्या उन्हाळ्यात त्यांना चार पावलांवर दम लागू लागला आणि डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं की हृदय मोठं झालंय, आता उभ्याचं काम बंद.

"हे तर मी लग्नाच्या आधीपासून ऐकतेय," आई म्हणाली होती. "आता डॉक्टरांनी लिहून दिलं एवढंच." सगळे हसले होते. आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. हसून झाल्यावर तिने तो फोटो उलटा करून कपाटावर ठेवून दिला.

"दोन सह्या कशाला?" वडिलांनी विचारलं.

"अवघड आहे म्हणून. दोन्ही एकदम घेतले की मुलं मध्येच सोडतात."

"मग एक पुढच्या वर्षी घे की."

"नाही चालत, बाबा. यंत्रं आखायला शिकवतात त्या कॉलेजला दोन्ही विषय दोन-दोन वर्षं झालेले लागतात. यंदा एक सुटला की कॉलेज सुटलं."

"ऐकलंस का," वडील आईला म्हणाले, "सदा वाद घालणारे आमचे वकीलसाहेब यंत्रं आखणार. मी जन्मभर शिव्या घातल्या आखणाऱ्यांना. आता घरातच." आणि त्यांनी दोन्ही सह्या केल्या, सावकाश, ड्रॉइंगवर मापं लिहावीत तशा.

अडचण दुसऱ्याच आठवड्यात उभी राहिली. फिजिक्सच्या सरांनी फळ्यावर वेग लिहिला तो डेरिव्हेटिव्ह घेऊन. मुलीच्या डोक्यावरून गेलं. "हे गणितात होईल तुमचं," सर म्हणाले आणि पुढे सरकले. तिने गणिताच्या बाईंना गाठलं.

"होईल ना, अकराव्या आठवड्यात," बाई म्हणाल्या. "आधी लिमिट मुरू दे. पाया नको का?"

दोघांचंही बरोबर होतं. मधले नऊ आठवडे मात्र कोणाचेच नव्हते. वर्गातल्या बाकीच्यांच्या शिकवण्या होत्या, त्यांचं भागत होतं. ती घरी आली आणि दप्तर न उघडता बसून राहिली.

"दाखव बघू काय आहे ते," वडील म्हणाले.

"तुम्हाला नाही कळायचं."

"मला दिवसभर दुसरं काय काम आहे? न कळायला तरी वेळ आहे."

दुसऱ्या दिवशी आई कामावर आणि मुलगी शाळेत गेल्यावर त्यांनी गणिताचं पुस्तक मांडीवर घेतलं. ती परतली तेव्हा चहा थंड झाला होता आणि जुन्या कॅलेंडरची पाठ गिचमिड लिहून भरली होती.

"लेथचं हँडल एवढंसं फिरवलं," त्यांनी दोन बोटांत चिमूटभर हवा धरून दाखवली, "की जॉबचा, म्हणजे त्या लोखंडाच्या तुकड्याचा, व्यास एवढासा उतरतो. किती फिरवल्यावर किती उतरला, हेच ते. फक्त ते एवढंसं आणखी एवढंसं करत जायचं. संपेपर्यंत. पण संपू द्यायचं नाही."

"संपू द्यायचं नाही म्हणजे?"

"ते पुस्तकाला विचार. मी टर्नर आहे."

पण तिला कळलं होतं. तेव्हापासून रोज सहाला ती दोघं टेबलाशी बसू लागली. वडील दिवसा एक धडा पुढे जात आणि संध्याकाळी मागे वळून तिला हात देत. चुकले की स्वतःवरच चिडत. "गधड्या, वजाबाकीचं चिन्ह कुठे गिळलंस?" असं म्हणत स्वतःच्या कपाळावर मारून घेत आणि ती खुदखुदायची. आई धुलाईघरातून येऊन दारातच थबकायची. "जेवायला मिळेल का या विद्यापीठात?" दम लागायचा तेव्हा ते बोलायचं थांबून पेन्सिलीने पुढच्या ओळीवर बोट ठेवावं तशी खूण करायचे, आणि ती ओळ मुलगी मोठ्याने वाचायची.

आठव्या आठवड्यात फिजिक्सला कंपनं सुरू झाली. स्प्रिंगला टांगलेलं वजन, त्याचं वरखाली होणं, साइन आणि कोसाइन. वडिलांचा चेहरा खुलला. टेपर, म्हणजे निमुळता उतार, कापायला साइनचे तक्ते त्यांनी इतकी वर्षं वापरले होते की निम्मे आकडे तोंडपाठ होते. त्या धड्याच्या सुरुवातीला दोन पानं होती, 'कोन मोजण्याच्या पद्धती' अशा मथळ्याची. ती त्यांनी न वाचताच उलटली. ज्या माणसाने जन्मभर कोन मोजले, त्याला कोन कसा मोजायचा ते पुस्तकाने काय सांगायचं?

नवव्या आठवड्यातल्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्या कॅल्क्युलेटरने मान टाकली. वडिलांनी आपला काढून दिला, कारखान्यातला, कोपरे झिजलेला. त्याच्या एका बटणावर काळी चिकटपट्टी घट्ट बसवलेली होती.

"हे काय?"

"ते दाबायचं नाही. कोणीतरी एकदा दाबलं आणि शंभर जॉब भंगारात गेले. तेव्हापासून सगळ्यांच्या कॅल्क्युलेटरवर पट्टी."

ते बटण अंशांतून रेडियनमध्ये, कोन मोजायच्या दुसऱ्या मापात, जायचं होतं. कॅल्क्युलसमधले साइन-कोसाइन चालतात ते रेडियनवर, अंशांवर नाही. त्या दोन पानांवर नेमकं एवढंच लिहिलेलं होतं.

या पहिल्या परीक्षेचा नियम साधा होता. दोन्हींपैकी एका विषयात चाळीसच्या खाली गेलात तर तो विषय सुटला. तिला कॅल्क्युलसमध्ये एकाहत्तर आले आणि फिजिक्समध्ये चौतीस. कंपनांचे तीस गुण होते, त्यातला एकही मिळाला नव्हता.

वडिलांनी पेपर घेतला आणि आधी हसूच लागले. "हे बघ, कुठल्याही वेळेला वजन जिथल्या तिथे! तुझी स्प्रिंग हललीच नाही गं." मग हसू थांबलं. त्यांनी कॅल्क्युलेटर जवळ ओढला, पट्टीकडे पाहिलं, पुस्तक उघडलं आणि पानं मागे मागे नेत त्या दोन पानांशी येऊन थांबले. बराच वेळ वाचत राहिले. दोनच पानं होती.

"ही मी वाचली नव्हती," ते म्हणाले.

"का?"

"कोन मोजण्याबद्दल होती."

मुलगी उभीच होती. "तुम्ही शिकवलंच नसतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, दोघांकडे बघितलं आणि परत आत गेली.

दुसऱ्या दिवशी वडील इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत आले. फिजिक्सची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. मुलगी दोन पायऱ्या पुढे चालत होती आणि मुद्दाम मागे बघत नव्हती. प्रत्येक वळणावर त्यांचं थांबणं तिला ऐकू येत होतं. वर पोचल्यावर त्यांनी आधी सरांच्या टेबलाची कड धरली, मग नमस्कार केला.

"रीत बरोबर आहे, सर. पायरी न् पायरी बघा. मशीन तेवढं चुकीच्या मापावर होतं, आणि ते मी दिलं होतं. तिचा दोष नाही."

सरांनी खुर्ची पुढे केली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पेपर उलगडला, शेवटची चार पानं नीट वाचली, मान हलवली. "रीत खरंच बरोबर आहे," ते म्हणाले. "सहा गुण हवेत ना?" त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि मग, पेन हातात तसंच धरून, सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्ही टर्नर ना? मला एक सांगा. तुमच्या हाताखालच्याने रीत बरोबर केली, पण मशीन चुकीच्या मापावर लावलं. जॉब पास करता?"

त्या प्रश्नात काही डाव नव्हता. नियम वाकवायला सरांना कोणाचा तरी आधार हवा होता, इतकंच. मुलीला ते तेव्हाही दिसलं. एका शब्दाचं काम होतं.

वडिलांनी टेबलावरचा पेपर बघितला. मग म्हणाले, "नाही."

"का?"

"जिथे बसायचा तिथे तो बसणार नाही, सर. रीत कशी का असेना."

सरांनी पेनाला टोपण लावलं. फार सावकाश लावलं.

जिन्यात मुलीला राहवलं नाही. "एक 'हो' म्हणता येत नव्हतं?"

"त्यांनी मला कामाचं विचारलं गं."

"आणि मी?"

वडिलांनी कठडा धरला होता. त्यांना बोलायचं होतं, पण श्वास पुरत नव्हता. ती थांबली नाही. खाली फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि ते उतरून येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिली.

फिजिक्स सुटलं. त्या तासाला ती ग्रंथालयात बसू लागली. घरात बोलणं कामापुरतं उरलं. सहाला ती आपल्या खोलीत असायची. वडील टेबलाशी बसायचे, पुस्तक बंदच असायचं. जेवताना विचारायचे, "आज काय झालं गणितात?"

"काही नाही."

अकरावा आठवडा उजाडला आणि बाईंनी डेरिव्हेटिव्ह काढला. वर्ग चाचपडत होता. मुलीला सगळं येत होतं. बाईंनी तिला फळ्यावर बोलावलं, तिने न अडखळता सोडवलं. बाई म्हणाल्या, "हे एवढंसं एवढंसं करत जायचं म्हणजे काय, तेही सांग सगळ्यांना." तिने दोन बोटांची चिमूट उचलली आणि हात तसाच खाली घेतला. पुस्तकातली व्याख्या म्हणून दाखवली. बाईंनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

त्या रात्री ताटावर वडिलांनी विचारलं, "काय झालं आज?"

"काही नाही."

"सुरू झालं असेल ना एव्हाना?"

"नाही अजून."

ते मान हलवून जेवत राहिले. आईने तिच्याकडे पाहिलं. वाढताना तिच्या हातातला डाव क्षणभर थांबला.

चार दिवसांनी वडील खुर्चीतच गेले, दुपारी, घरात कोणी नसताना. शेजारणीने शाळेत निरोप धाडला. शिपाई आधी फिजिक्सच्या वर्गात गेला, कारण त्याच्याकडच्या जुन्या यादीत तिचं नाव तिथे होतं. तिला शोधून काढण्यात वीस मिनिटं गेली. ती ग्रंथालयात होती, खिडकीपाशी, पुढ्यात काहीच नसताना.

पंधरा दिवसांनी सरांनी तिला बोलावून घेतलं. ते तिच्याकडे न बघता टेबलावरचे कागद सारखे करत होते. "शाळेने ठरवलंय," ते म्हणाले, "तुझी परिस्थिती लक्षात घेऊन ते सहा गुण द्यायचे. सोमवारपासून बस वर्गात."

ज्या सहा गुणांसाठी वडील तीन मजले चढले होते, ते आता वडील नाहीत म्हणून मिळत होते. तिला तिथल्या तिथे 'नको' म्हणायचं होतं.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

आई दोरीवरचे कपडे काढत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "मग तू काय म्हणालीस?"

"बाबा नाही म्हणाले होते त्यांना."

"हो. ते त्यांचं झालं." आईने चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली आणि दोघींनी चादर ताणली. "घरी येऊन मला काय म्हणाले, माहीत आहे? पोरीचं काम मी बिघडवलं, म्हणाले. एकदा नाही, रोज. मी म्हणायचे, ती बोलेल, लहान आहे. आता तू 'नको' म्हणून मोकळी होशील गं. मग त्यांनी बिघडवलेलं तसंच राहील."

मुलीच्या हातातून टोक सुटलं. आईने ते उचललं, झटकलं आणि पुन्हा तिच्या हातात दिलं.

सोमवारी ती वर्गात जाऊन बसली. तिची जागा कोणी घेतली नव्हती. मुलांनी आवाज खाली आणले आणि तिच्यासाठी बाक पुसल्यासारखं केलं. मधल्या दिवसांत वर्ग बराच पुढे गेला होता. सरांनी फळ्यावर एक लांबलचक वाकडी खूण काढली, तिच्या वर एक आकडा, खाली एक आकडा, आणि पुढे बल गुणिले अंतर.

"याला इंटिग्रेशन म्हणतात. हे गणितात येईल तुमचं, पुढे." त्यांनी हात झटकले. "तूर्त असं धरून चाला. कोणाला काही शंका?"

शंका कोणालाच नव्हती. सगळे लिहीत होते. तिनेही वही उघडली आणि ती खूण उतरवून घ्यायला पेन टेकवलं. ती वरून खाली काढायची की खालून वर, हेही तिला माहीत नव्हतं.