घरचं माप

मी बोलतेय. इकडे बघा, खिडकीशी, एका लाकडी पायावर उभी आहे ती. मला डोकं नाही, हात नाहीत. पण म्हणून अक्कलही नसेल असं कृपा करून समजू नका. मी शिवणकामाची डमी आहे. अंगावर कपडे चढवून घ्यायचे, टाचण्या टोचून घ्यायच्या आणि हूं की चूं करायचं नाही, हा माझा धंदा. एकोणतीस वर्षं केला आणि चोख केला.

माझा जन्म कारखान्यातला. कागदाचा लगदा साच्यात दाबायचा, वाळला की वर मांजरपाटाची खोळ चढवायची, झालं. आम्ही बाराजणी एका रांगेत वाळत होतो. बाराही हुबेहूब सारख्या, मुठीत मावेल अशा कमरेच्या. तसल्या कमरेची जिवंत बाई मी आजवर एकही पाहिली नाही. साचा करणाऱ्याला बायका कुठे भेटल्या होत्या कोण जाणे!

मला विकत घेतलं ताईनं. ताई म्हणजे माझी मालकीण, कपडे शिवणारी. तिच्या दुकानात दोन मशीनं, कापायचं एक लांब टेबल आणि त्या टेबलापाशी तिची थोरली नणंद. ताई त्यांना वन्सं म्हणते, म्हणून मीही म्हणते. वन्संनी माप घ्यायचं आणि कापायचं, ताईनं शिवायचं, अशी वाटणी.

गिऱ्हाईक आलं की तिच्या मापाप्रमाणे माझ्यावर कापसाच्या पट्ट्या बांधायच्या. कुणाचं पोट, कुणाची पाठ, कुणाचा एक खांदा उतरता. काम झालं की पट्ट्या सोडायच्या. अशी मी गल्लीतली अर्धीअधिक बायकामंडळी होऊन गेले. एक सांगते, टेप कमरेला लागली की प्रत्येक बाई श्वास ओढून धरते. प्रत्येक! वन्संना हे पाठ. त्या तोंडानं एक इंच कमी सांगायच्या आणि वहीत खरं लिहायच्या. बाई खूश, ड्रेसही अंगाला बरोबर.

पट्ट्या सोडल्या की खाली उरायचं ते ताईचं अंग. पहिल्याच वर्षी तिनं स्वतःच्या मापाचा कापूस माझ्या खोळीत भरून कायमचा शिवून टाकला होता. ते माझं घरचं माप. दमूनभागून माणूस घरी येतं, तशी मी रोज संध्याकाळी ताई व्हायचे.

मग ताई आजारी पडली. डावा स्तन काढावा लागला. जीव वाचला. वन्संनी तिचं सगळं केलं, अगदी न्हाऊ घालण्यापासून, वर दुकानही सांभाळलं. पण घरात त्या विषयावर कुणी चकार शब्द काढला नाही. ताई पुन्हा मशीनवर बसली ती नवऱ्याचे ढगळ शर्ट घालून. दुसऱ्यांचे कपडे शिवायची, स्वतःच्या अंगाला टेप लावायची नाही. आजाराआधी तिनं हौसेनं निळं कापड आणलं होतं. ते दोन वर्षं कपाटात पडून राहिलं. मलाही तिनं चादर टाकून कोपऱ्यात ढकललं. मी अजून जुनी ताई होते ना! माझ्याकडे बघवायचंच नाही तिला. राग यायचा मला, आणि वाईटही वाटायचं.

एक दिवस दुकानात चित्रकार मुलगी आली. बंद पडलेल्या लाँड्रीच्या इमारतीत ती वस्तीतल्या लोकांचं प्रदर्शन भरवत होती. लांबून बघायचं नाही, आत शिरायचं. पहिल्या खोलीत टांगलेल्या जुन्या कपड्यांतून वाट काढायची, दुसरीत अंधारात बसून शेजाऱ्यांचे आवाज ऐकायचे, तिसरीत भरपूर उजेड आणि तिथल्या वस्तूंना हात लावून बघायचं. "तुम्ही बदललात आणि तुमच्याबरोबर जी वस्तू बदलली, ती द्या," ती म्हणाली. दारू सोडलेल्या बसड्रायव्हरनं आपला पेला दिला होता. त्यात तो आता दाढीचा ब्रश ठेवतो म्हणे.

त्या दुपारी वन्सं घरी गेल्यावर ताईनं माझी चादर ओढली. दाराला कडी लावली, शर्ट काढला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं माप घेतलं. मग माझी डावी शिवण उसवली, आतला कापूस काढला आणि खोळ सपाट बसवून शिवली. "चल, दिसू दे सगळ्यांना," ती मला म्हणाली. "लोकांच्या नजरा झेपल्या, तर निळा ड्रेस शिवेन. नाही झेपल्या, तर ते कापड देऊन टाकीन आणि तुलाही." म्हणजे माझंही नशीब टांगणीला! पण खरं सांगते, मी घाबरले नाही. मी पुन्हा ताई झाले होते, आजची ताई.

घोळ झाला तो प्रदर्शनाच्या सकाळी. मी तिसऱ्या, उजेडाच्या खोलीत उभी, आणि वन्सं सगळ्यांच्या आधी हजर. ताईनं त्यांना 'डमी देतेय' एवढंच सांगितलेलं. त्यांनी मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! आणताना आपटली वाटतं ही. कापूसच निसटलाय सगळा!" वाकडं दिसलं की सरळ करायचं, उणं दिसलं की भरायचं, हे त्यांच्या हातात चाळीस वर्षं मुरलेलं. पिशवीत सुईदोरा आणि कापूस कायमचा. दहा मिनिटांत त्यांनी माझी डावी बाजू गच्च भरून टाकली. मला तोंड नाही, हे आयुष्यात पहिल्यांदा खुपलं ते तेव्हा.

दारं उघडली. माझ्या पायाशी ठेवलेल्या यंत्रातून ताईचा आधीच रेकॉर्ड केलेला आवाज सुरू झाला: "डाव्या बाजूला हात लावून बघा. तिथं आता काही नाही. मलाही हात लावायची भीती वाटायची." लोक हात लावायचे आणि गोंधळायचे. एक आजोबा तर चष्मा पुसून पुन्हा चाचपून गेले. "आहे की सगळं जागच्या जागी," म्हणाले.

इतक्यात ताई आली. मला बघून तिचा चेहराच उतरला. हात आपसूक शर्टाच्या कॉलरपाशी गेला.

"वहिनी, वाचवली बरं का तुझी डमी!" वन्सं मोठ्या फुशारकीनं म्हणाल्या. "डावी बाजू पार बसली होती. मी नीट करून टाकली."

ताई दाराकडे वळली. गेलं आता सगळं, निळं कापडही आणि मीही, असं मला वाटलं. तेवढ्यात यंत्रातला आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. वन्संनी तो पहिल्यांदाच ऐकला. ऐकता ऐकता त्या मटकन बाकावर बसल्या.

"मला काय माहीत, वहिनी," त्यांना रडू फुटलं. "मला वाटलं, बिघडलीय."

ताई थांबली. परत आली. "बिघडली नव्हती, वन्सं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ते माझं माप आहे. कात्री द्या."

वन्संनी डोळे पुसत कात्री दिली. खोलीभर माणसं उभी असताना ताई शिवण उसवायला लागली. "टाका तरी किती बारीक घालता हो तुम्ही! सुटता सुटेना." वन्सं रडता रडता हसल्या, आजोबाही हसले. कापूस निघाला. ताईनं तो वन्संच्या मांडीवर ठेवला, खोळ सपाट केली आणि हात जरा बाजूला घेऊन उभी राहिली.

"आता माझं माप घ्या. इथंच."

वन्संच्या गळ्यात टेप होतीच. त्यांनी ती ताईच्या अंगाभोवती धरली. आणि ताईनं, एकोणतीस वर्षांत मी पाहिलेल्या एकाही बाईनं केलं नाही ते केलं. सगळा श्वास सोडला. वन्संनीही आकडा मोठ्यानं सांगितला, आणि एक इंचही कमी सांगितला नाही.

आता मी दुकानात खिडकीशी असते. चादर गेली, कोपराही गेला. अंगावरचा निळा ड्रेस ताईचा आहे, आज फक्त हातशिलाईसाठी चढवलाय. उद्या ती घालणार आहे, तेव्हा नीट बघून घ्या.

तुम्ही माप द्यायला आला असाल ना? या मग आत. वन्संना काय ते खरं सांगू द्या. हात जरा वर घ्या, आणि तो धरून ठेवलेला श्वास सोडा बघू.