न हलणारे बारा व्होल्ट

"मेलं पुन्हा बंद पडलं! चौथ्या मजल्यावर इस्त्री लागली की आमचं इंटरनेट गेलंच," अबू निझार माझ्या दुरुस्तीच्या टेबलाशी पुटपुटत होते. "आत्ताच फोन आला असेल त्याचा."

त्याचा म्हणजे निझारचा, त्यांच्या एकुलत्या मुलाचा. हिवाळ्याच्या तोंडावर तो आमच्या मीना बंदराच्या किनाऱ्यावरून बोटीने इटलीकडे निघाला. त्या बोटीतल्या कुणाचाच आवाज पुन्हा आला नाही. बापाने मात्र राउटरला धरून ठेवलं होतं. गल्लीच्या जनरेटरच्या विजेचा दाब पडतो, राउटर बंद होतो आणि नेमका तेव्हाच पोरगा फोन लावतो! शेजारी माना डोलवायचे. मीही. जनरेटरवाल्याला शिव्या घालायला आमच्या गल्लीत कुणाचीच ना नसते.

"रगदा, एवढे रेडिओ दुरुस्त करतेस, हे जमत नाही तुला?"

"जमतं हो काका. ट्रान्सफॉर्मर मिळत नाही."

तो माझ्या खणात होता. पण त्यांच्या बायकोने, उम्म निझारने, जिन्यात माझा हात धरला होता, "सावकाश कर गं बाई. घाई काय आहे?"

शेवटी काकाच जुन्या बाजारातून एक ट्रान्सफॉर्मर पोटाशी धरून घेऊन आले. आता काय सांगणार? मी जोडायला बसले. ट्रान्सफॉर्मरने दाब उतरवला, चार डायोडनी उलटसुलट धावणारी वीज एका वाटेला लावली, मोठ्या कपॅसिटरने तिचे हेलकावे भरून काढले. शेवटी तीन पायांचा रेग्युलेटर, पाठीला ॲल्युमिनियमचा पत्रा. आत कमीजास्त होवो, बाहेर बारा व्होल्ट. वीज गेलीच तर म्हणून मोटारसायकलची बॅटरीही जोडली.

"पत्रा कशाला?"

"तापतो ना तो. जास्तीचं सगळं स्वतःच्या अंगावर घेतो."

"म्हणजे आमची बायको!" काका हसले.

संध्याकाळी त्यांच्या घरी लावून दिलं. वर इस्त्री लागली, खोलीतला बल्ब मंदावला. मग जनरेटरच थांबला. राउटरचा हिरवा दिवा जराही हलला नाही. काकांनी टाळी वाजवली, फोन उशीवर ठेवला. उम्म निझारने कॉफी आणली. आम्ही बसलो. कॉफी निवली. काका फोन उचलायचे, बघायचे, ठेवायचे.

"बॅटरी नीट आहे ना, रगदा?"

"आहे, काका."

"मग तार सैल असेल कुठेतरी. बघ ना जरा."

मी उठले, घट्टच असलेली तार पुन्हा चाचपू लागले. उम्म निझारने माझा हात हलकेच बाजूला केला.

"तार घट्ट आहे हो," ती नवऱ्याला म्हणाली. "पोर बुडालं आपलं."