घासून गेलेला चषक

मित्रांनो, मी एक जुना चषक आहे. लोक मला फिरता चषक म्हणत, पण माझे फिरणे आता संपले आहे.

माझे अंग तांब्याचे आणि वरून चांदीचा मुलामा. कोरीवकाम करणाऱ्या एका कारागिराच्या लहानशा दुकानात मी घडलो. "मुलामा पातळच देतोय," तो म्हणाला होता. "हा काय रोज घासायचा थोडाच आहे?" त्याचे काही चुकले नव्हते.

मला मागवले होते रसायन विश्लेषकांच्या मंडळाने. विश्लेषक म्हणजे एखाद्या वस्तूत काय आहे आणि किती आहे, हे शोधून सांगणारा माणूस. तुम्ही औषधाची गोळी गिळता, नळाचे पाणी पिता, ते आधी कुणीतरी तपासलेले असते. त्या माणसाला कुणी ओळखत नाही. म्हणून मंडळ दरवर्षी त्यांच्यातल्या एकाचा गौरव करी आणि त्याचे नाव माझ्या अंगावर कोरून मला त्याच्या हाती देई. वर्षभर मी त्याच्या घरी राहायचो. पुढच्या समारंभात त्याने मला स्वतः परत आणायचे, अशी रीत होती.

मी पुष्कळ घरे पाहिली. कुठे कपाटावर बसलो, कुठे माझ्यात किल्ल्या पडल्या. एका घरी आजोबांनी माझ्यात आपली कवळी ठेवली. सून चिडली, तर म्हणाले, "अगं, भांडंच आहे ना? आणि तेही चांदीचं. दातांना शोभतंय." मला राग आला नाही. घर भरलेले होते.

मग मी तिच्या घरी आलो.

ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. एका वस्तीत मुले सारखी आजारी पडत होती आणि पाणी मात्र प्रत्येक वेळी चांगले ठरत होते. तपासणारे सगळे जण नळ थोडा वेळ सोडून मग बाटली भरत. तिने तसे केले नाही. नळात साचून राहिलेले पहाटेचे पहिले पाणी तिने घेतले आणि त्यात शिसे सापडले. वस्तीचे नळ बदलले गेले. त्यासाठी तिला मी मिळालो.

तिचा नवरा शिंपी होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. समारंभाहून घरी आल्यावर त्याने मला उचलले आणि विचारले, "आता घरातसुद्धा मॅडम म्हणायचं का तुला?"

"म्हणा की. पण आधी हात धुवा."

"धुतलेत."

"अहो, मशीनच्या तेलाचा वास येतोय. माझ्याशी खोटं नका बोलू, ते पकडायचाच पगार घेते मी."

घरातले काचेचे पेले ती स्वतः धुवायची. पेला पाण्याने भरायचा, रिकामा करून उपडा धरायचा. पाणी सरकन उतरले तर पेला स्वच्छ. थेंब चिकटून राहिले तर पुन्हा धुवायचा. "थेंब राहिला की समजायचं, अजून काहीतरी चिकटलेलं आहे," ती सांगायची. मास्तर म्हणायचा, "तुझ्याकडे तहानलेला माणूस पाणी मिळेपर्यंत मरायचा."

पुढचा समारंभ काही महिन्यांवर आला असताना ती आजारी पडली. आजार पोटाचा होता. इतरांच्या पाण्यात काय आहे ते शोधणाऱ्या त्या बाईच्या पोटात काय आहे, हे कुणाला वेळेवर सापडले नाही. ती गेली.

मास्तरचे मशीन बंद पडले. गिऱ्हाइके आपापले कापड परत घेऊन गेली. मला परत करायला तिच्याऐवजी आता त्याला जायचे होते, आणि तिच्या चषकावर एक डाग दिसता कामा नये, एवढेच त्याच्या डोक्यात राहिले. त्याने माझ्यावर पाणी ओतले आणि मला उपडे धरले. थेंब राहिले. त्याने मला पावडरीने घासले. तरी थेंब राहिले. मग तो रोज घासू लागला, जोर लावून घासू लागला.

मित्रांनो, तो नियम काचेचा होता. धातूवर थेंब धरतातच. तिला विचारले असते तर तिने हसत एका वाक्यात सांगितले असते.

जुनी नावे हाताने खोल कोरलेली होती. तिचे नाव नव्या यंत्राने वरच्यावर कोरलेले, म्हणून तेच आधी गेले. तो फक्त थेंब पाहत होता. एक दिवस त्याची धाकटी बहीण आली आणि मला हातात घेऊन फिरवू लागली.

"दादा, वहिनीचं नाव कुठंय?"

"खाली बघ. सगळ्यात शेवटी."

"शेवटी काहीच नाही रे."

त्याने मला तिच्याकडून घेतले. त्या जागेवर अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

समारंभाआधी तो मला घेऊन मंडळात गेला. चिटणीस भला माणूस होता. मला पाहून तो म्हणाला, "मास्तर, हा आता मंचावर ठेवता येणार नाही. तसंही काचेचा नवा चषक करायचं ठरलंच होतं."

"मग त्याच्यावर हिचं नाव घाला."

"नव्यावर यंदापासूनची नावं येतील. जुनी घालायची तर सगळीच घालावी लागतील, तेवढी जागा नाही. असं करू, याच्यावरच वहिनींचं नाव पुन्हा कोरून देतो. घरी ठेवा."

मास्तरने मला टेबलावरून उचलले. "घरी कशाला?" तो म्हणाला. "घरी मला माहीतच आहे तिचं नाव."

त्याने मला पिशवीत घातले आणि तो निघाला. समारंभाला तो गेला नाही.

आता मी बंद मशीनच्या मागे असतो. जिथे चांदी गेली तिथे तांबे काळे पडत चालले आहे. मास्तर माझ्याकडे बघत नाही. नवीन विश्लेषक येतील, त्यांचा गौरव होईल, तो व्हायलाच हवा. तिचे नाव मात्र तिथे कुणाच्या वाचनात येणार नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी सांगणार नाही. मला फार जपले, म्हणून मी असा झालो. पण एकटा उरलेला कुणी माणूस एकाच वस्तूला रोज घासत बसलेला दिसला, तर त्याच्याजवळ बसा आणि ती वस्तू त्याच्या हातातून काढून घ्या. तो रागावेल. रागावू द्या. आमच्या घरी त्या महिन्यांत पुष्कळ लोक भेटायला आले, आणि चषक किती छान ठेवलाय म्हणून निघून गेले.