भाव पडेपर्यंत

नव्या कॉम्प्युटरचं सगळं घेऊन झालं होतं, फक्त ग्राफिक्स कार्ड राहिलं होतं. एका बाजूने उघडा कॅबिनेट दोन महिने जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून होता. नवरा रोज आपलं ताट त्याच्या शेजारी सरकवत विचारायचा, "पाहुण्यांना वाढू का?"

ती एका ॲनिमेशन कंपनीत स्क्रीनवरच्या प्राण्यांच्या अंगावर केस लावायची. बारा वर्षं तेच काम. आता घरी स्वतःची छोटीशी फिल्म करायची होती. पण दुकानदार काका दर वेळी तिला रिकाम्या हाताने परत पाठवत.

"घाई करू नका, ताई. भाव पडणार आहेत."

"मागच्या महिन्यातही हेच म्हणालात."

"या वेळी नक्की." कशावरून, ते त्यांनी सांगितलं नाही. काउंटर स्वच्छच होता, तरी पुसायला घेतला.

शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. एकाच ठिकाणाहून चाळीस कार्डं आली होती, वापरलेली पण धडधाकट. ती लगेच गेली. किंमत ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने एक कार्ड उलटं केलं. मागचं लेबल कुणीतरी नखाने खरवडलं होतं, पण हिरव्या शाईतला नऊचा आकडा शिल्लक होता, शेपटी खालपर्यंत ओढलेला. तिच्या ऑफिसात मशीन सांभाळणारा माणूस मशीनवर नंबर टाकताना असाच नऊ काढायचा.

"कुठून आली ही?"

"कुठलंसं ऑफिस. वरचा मजला रिकामा केला म्हणे. खालच्या मजल्यावरची पुढच्या आठवड्यात येतील. तेव्हा आणखी स्वस्त देईन. थांबताय?"

वरचा मजला रंगकामासाठी बंद आहे, असं तिच्या ऑफिसात तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं. रंगाचा वास मात्र एकदाही आला नव्हता. ती खालच्या मजल्यावर बसायची.

"नको. आजच द्या," ती म्हणाली.

घरी नवऱ्याने हौसेने कार्ड बसवलं. स्क्रीन उजळली, पंखे फिरू लागले.

"तुझी नोकरी पक्की आहे ना रे?" तिने विचारलं.

"आहे की. का गं?"

"सहज."

मग बाल्कनीत जाऊन तिने ऑफिसच्या वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला फोन लावला.

"तुम्हाला सांगायचं नाही, अशी सही घेतलीय आमच्याकडून," मैत्रीण म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सोमवारी तिने खोलीतल्या सातही जणांना सगळं सांगितलं. सगळे मिळून साहेबांकडे गेले. हे खोटं आहे, असं साहेब म्हणाले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "कुणी सांगितलं?"

सगळे आपापल्या जागी येऊन बसले. डबे कुणी उघडलेच नाहीत.

चार वाजता मशीनवाला स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. कुणाच्याही नजरेला नजर न देता तो खिडकीजवळच्या पहिल्या टेबलाशी गुडघ्यांवर बसला.

"सेव्ह करून घ्या," तो हळू आवाजात म्हणाला.

ती तिसऱ्या टेबलावर होती. तिच्या स्क्रीनवरच्या अस्वलाच्या पाठीवर दाट केस आले होते, पोट अजून उघडंच होतं. मागे पहिला स्क्रू फरशीवर टणकन पडला. तिने अस्वल पाठीवर उलटं केलं आणि पोटावर केस लावायला घेतले.