उजवी सीट

"कापायचं की नाही, तेवढं सांग," डीटर म्हणाला. त्याच्या हातात ग्राइंडर होता. नवं इंजिन तीन दिवस क्रेनच्या साखळीला लटकलं होतं.

"थांब जरा," मी म्हणालो.

"हे बघ, यशपाल, बुधवारपासून थांबलोच आहे मी."

डीटर माझा शेजारी. पस्तीस वर्षं इथं जर्मनीत, त्सुफेनहाउझेनच्या कारखान्यात गाड्या जोडल्या, आता रिटायर झालाय. मी जवळच्याच एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करतो. गॅरेज त्याचं, गाडी माझी. १९७० सालची, दोन दारांची अमेरिकन गाडी, आठ सिलिंडरची. माझी बायको क्षमा तिला म्हैस म्हणायची. "अहो, केवढं पिते ही! दूध तरी देते का?" पण रविवारी माझ्या आधी तीच जाऊन बसलेली असायची.

जुनं इंजिन फुटलं ती चूक माझी. ऑक्टोबरात पाइप बदलले तेव्हा रेडिएटरमध्ये नुसतं पाणी भरलं. न गोठणारं कूलंट नंतर टाकू म्हटलं. त्याच आठवड्यात क्षमाला हायडेलबर्गच्या हॉस्पिटलात ठेवलं. मग रोज ड्यूटी संपली की ट्रेन. पाण्याचं डोक्यातून गेलं. डिसेंबरात थंडी पडली, पाणी गोठलं आणि इंजिनाच्या ब्लॉकला वीतभर तडा गेला.

तिच्यापासून लपवायला जमलं नाही.

"माझ्या दुखण्यापायी झालं ना?" ती म्हणाली.

"तुझं काय त्यात? मी विसरलो."

"मग दुसरं बसवा. पण तिला अशी उभी ठेवू नका हं. उभी गाडी मला बघवत नाही."

जानेवारीत ती गेली.

तसलं इंजिन कुठे मिळेना. डीटरनं अपघातातल्या एका गाडीचं सहा सिलिंडरचं आणलं, अलीकडचं. बसवायच्या पट्ट्या मी कारखान्यात बनवल्या. वायरिंगला महिना गेला. मग गिअरबॉक्सपाशी अडलं. तो रुंद होता. दोन सीटच्या मधला पत्र्याचा उंचवटा कापून मोठा करावा लागणार होता. डावीकडे पेडल, तिथं जागा नाही. राहिली उजवी बाजू, म्हणजे क्षमा पाय ठेवायची तिथं. बदललेली गाडी पास करणाऱ्या तपासणीच्या इंजिनिअरनं ईमेलवर कळवलं की चालेल, पण मग तिथं माणूस बसवता येणार नाही. सीट काढा, कागदांवर एक सीट कमी करू.

डीटर थांबला होता तो याच्यासाठी.

तेवढ्यात उर्जा आली. माझी मुलगी. म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला नोकरी करते. मी मराठीत बोलतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. मी तिला अडचण दाखवली.

"पपा, तिथं आता बसणार कोण आहे?" ती म्हणाली.

बोलून गेली आणि आपल्या बुटांकडे बघत राहिली. डीटर ग्राइंडरची वायर गुंडाळायला लागला.

"गुंडाळू नकोस," मी म्हणालो. "दे इकडे."

सीटचे चार बोल्ट काढले. चौथा गंजला होता, त्याला अर्धा तास लागला. उर्जानं आणि मी सीट उचलून भिंतीला लावली. मग मी चष्मा चढवला आणि पत्रा कापला. डीटर म्हणाला, "मी करतो." मी दिलं नाही.

तीन आठवड्यांनी तपासणी झाली. इंजिनिअर एक तरुण बाई होती. तिनं ब्रेक बघितले, खाली वाकून टॉर्च मारला, वेल्डिंगवर बोट फिरवलं.

"काम चांगलं केलंय," ती म्हणाली. मग फॉर्म घेतला. "पुढे तुमच्या बाजूला कुणी बसत नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

हे तोवर मला कुणाला सांगावं लागलं नव्हतं. सगळ्यांना आधीच माहीत असायचं.

तिनं चारचे तीन केले आणि शिक्का मारला.

तपासणीला उर्जाही आली होती, परत येताना ती मागे बसली. इंजिन चांगलं चालत होतं. पूर्वीसारखी गाडी थरथरत नव्हती, आवाजही फार नव्हता.

"पपा, पन्नासवर काय चालवतोस? रस्ता मोकळा आहे."

"असू दे."

पुढे जागा रिकामी होती म्हणून तिनं पाय लांब केले. थोड्या वेळानं तिनंच ते हळूच मागे घेतले.