बिनगोंड्याचा

किल्टला, म्हणजे आमच्या स्कॉटिश पुरुषांच्या घागऱ्याला, खिसे नसतात, म्हणून पुढे स्पोरन लटकतो. चामड्याची पिशवी, बाकी काही नाही. पण आमच्या बकी गावात बाबाच्या दुकानातल्या प्रत्येक तऱ्हेच्या पिशवीला नाव असतं, आणि ते इकडच्या एखाद्या तळ्याचंच. पणजोबांनी सुरू केलेलं खूळ. बकरीच्या केसांचा तो ‘मरी’, सीलच्या कातड्याचा ‘मोरार’, चांदीच्या कडेचा ‘लोमंड’. मी शाळा सोडून इथं बसायला लागले तेव्हा आधी तळी पाठ केली. शाळेत भूगोलात नापास झाले होते.

आता एकच स्पोरन बिननावाचा राहिला होता. साधा, काळा. गोंडे नाहीत, साखळ्या नाहीत, नक्षी नाही. माझ्या भावाने केलेला शेवटचा नमुना. फेब्रुवारीत बर्फावरून त्याची बाइक घसरली आणि तो गेला, त्याच्या आधीचा.

“एल्गिनचा ठसेवाला चामड्यावर उठवायला आज नाव मागतोय,” जेसी आत्या म्हणाली. दुकानाच्या ऑर्डरी ती बघते, आणि बाकी सगळ्यांच्या भानगडीही. “ठरवा एकदाचं. का ‘तो काळा’ म्हणूनच विकायचा?”

“ठरलंय,” बाबा म्हणाला. पट्ट्याच्या कडेला मेण घासत होता, वर बघितलंच नाही. “टॉर्किल.”

माझ्या भावाचं नाव. हातातली सुई बोटात गेली.

“नाही,” मी म्हणाले.

“केर्स्टी, हळू.”

“हळू काय? तळ्यांची नावं द्यायची ना? मग दे ना एखादं तळं! काय कमी आहेत का?”

“ही पोरगी म्हणजे उकळती किटली,” आत्या म्हणाली. “बाप काय म्हणतोय ते तरी ऐक.”

तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि म्हातारे गेडिस आत आले. मासळी बाजारातले. काउंटरवर त्यांनी एक पिशवी आपटली.

“गॉर्डन, माझा मोरार मेला बघ. पार उसवला. केसही झडले टकल्यासारखे.”

“तुमच्यासारखे म्हणा की,” आत्या म्हणाली.

“तुझी जीभ कधी झडणार, जेसी? ठेवा याला. दुरुस्त झाला तर ठीक, नाहीतर द्या फेकून.”

ते हसत गेले. दार लागेपर्यंत मी कसाबसा दम धरला.

“ऐकलंस? ऐकलंस ना, बाबा? उद्या येतील, टॉर्किल उसवला म्हणतील. टॉर्किलची शिवण कच्ची निघाली. टॉर्किल बदलून द्या, मोठा द्या. सेल लागला की खिडकीत पाटी लावशील, टॉर्किल स्वस्त! आणि कुणी म्हणालं, फेकून द्या, तर काय करशील? फेकशील?”

बाबाचा हात थांबला. आत्याने बटरीचा, खारट लोणीपावाचा, तुकडा तोंडाशी नेला होता, तो तसाच परत बशीत ठेवला.

“निदान कुणीतरी घेईल त्याचं नाव,” बाबा म्हणाला. “या घरात कुणी घेतंय का? मी घेतलं की तू दार आपटून जातेस. म्हणून मीही घेत नाही. जेसी तर ‘तो’ म्हणते. एकदा कुणी फोन करेल, ‘टॉर्किल आहे का’ विचारेल. मला एकदा म्हणता येईल, आहे.”

मी तो काळा स्पोरन पुढे ओढला.

हा स्पोरन टॉर्किलला आईला माती देताना सुचला होता. आमच्यात पेटी दोऱ्यांनी खाली सोडतात, घरचेच धरतात. तेव्हा मला दोरी दिली नव्हती, लहान म्हणून. मी मागे उभी होते. सगळे पुरुष खड्ड्यावर वाकले आणि त्यांच्या स्पोरनचे गोंडे साखळ्यांवर आपटायला लागले. टिंग टिंग टिंग. घरी आल्यावर टॉर्किलने स्वतःचे गोंडे कात्रीने कापले. म्हणाला, “आई खाली चालली होती आणि आम्ही घुंगरं वाजवत होतो, केर्स.”

त्याच्या वेळी मला पायाकडची दोरी मिळाली. बाबाने सगळ्या पुरुषांना याच नमुन्याचे काळे स्पोरन घालायला लावले. काहीच वाजलं नाही. दोरी लाकडाला घासल्याचं तेवढं ऐकू आलं, आणि दोरी हातात किती जड लागते ते कळलं.

फोन वाजला. आत्या उठेना. बाबाही हलेना. शेवटी मीच घेतला.

एक माणूस होता, आवाज बसलेला. “तुमच्या खिडकीत एक काळा स्पोरन बघितला होता. अगदी साधा. शनिवारी वडिलांची माती आहे. काय म्हणतात त्याला?”

मी बाबाकडे पाहिलं. तो मेणाच्या तुकड्याकडे बघत होता.

“टॉर्किल,” मी म्हणाले.

“काय?”

“टॉर्किल,” मी पुन्हा म्हणाले. या खेपेला जरा मोठ्याने.

“आहे का एक?”

मी फोन बाबापुढे धरला. त्याने घेतला. कानाला लावला. पलीकडून तो माणूस ‘हॅलो, हॅलो’ करत राहिला. बाबाने नुसती ‘आहे’ म्हणून मान हलवली आणि फोन माझ्या हातात परत दिला.

“आहे,” मी म्हणाले.

“बरं झालं. तुमच्याकडे तळ्यांची नावं असतात ना? वडील मासे धरायला सगळीकडे हिंडले, मलाही न्यायचे. पण हे तळं ऐकलं नाही कधी. कुठं आलं?”

“वर. उत्तरेला,” मी म्हणाले. “लहानसं आहे. फार कुणाला माहीत नाही.”

“खोल आहे?”

“खूप.”

“मासे मिळतात?”

बाबा माझ्याकडे बघत होता. आत्याने ओढणीसारखी शाल तोंडावर ओढली होती.

“आता नाही,” मी म्हणाले. “आधी मिळायचे.”