टोपाच्या तळाशी करवंदीची डहाळी

मित्रांनो, तुमच्या घरच्या टोपाने भात शिजवला असेल, आमटी उकळली असेल. मीही ते केले. पण ज्या कामामुळे लोक मला ओळखू लागले ते काम चुलीवर झाले तरी स्वयंपाकघरात झाले नाही. ते गोठ्याशेजारी झाले. मी तांब्याचा जुना टोप. चौक गावात, पुणे रस्त्यापासून चौथ्या घराच्या परसात माझा मुक्काम असतो.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. साल एकोणीसशे अकरा. एका जाड पत्र्याला दोन माणसांनी सहा दिवस ठोकले, तेव्हा मला तळ, पोट आणि काठ आला. त्या ठोक्यांचे वण माझ्या अंगावर अजून मोजता येतात. तिथून बैलगाडीने घाट उतरून मी चौकला आलो. माझ्यात एका वेळी सत्तर माणसांचा भात शिजे. मुंजी झाल्या, लग्ने झाली, श्राद्धे झाली. दर वर्षी दिवाळीआधी कल्हईवाला येई आणि माझ्या आतल्या अंगावर कथलाचा चकचकीत लेप देई. तांब्याच्या भांड्याला कल्हई लागतेच. नाही तर आंबट पदार्थ कळकतो, म्हणजे त्यात तांबे उतरते, आणि तो खाणारा आजारी पडतो. हे आमच्या भागात लहान मुलालाही ठाऊक असते.

पुढे घरातली माणसे कमी झाली. सत्तर पाने उठेनात. मला माळ्यावर ठेवले गेले. तिथे मी नऊ वर्षे होतो. कल्हई उडून गेली आणि आत हिरवट गंज धरला.

मला खाली उतरवले ते विमलबाईंनी. घरातल्या शशिकांत मास्तरांच्या त्या पत्नी. लग्नाआधी त्या मुंबईत दोन वर्षे चित्रकला शिकल्या होत्या. पण कागदापेक्षा त्यांचे मन कापडावर होते. दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि परदेशी रंगाच्या पुड्या बाजारातून नाहीशा झाल्या. तेव्हा विमलबाई झाडांकडे वळल्या. इर्शाळच्या डोंगरातून उतरणाऱ्या ठाकर बायकांकडून त्या हिरडे घेत. ऐनाची साल, खैराचा कात, डाळिंबाची सुकी साले, हळद, जे मिळेल ते उकळून पाहत. लोखंडी खिळे गुळाच्या पाण्यात पंधरा दिवस कुजवून त्यांनी काळा रंग केला. त्या वासाने मास्तर दोन दिवस ओटीवर जेवले.

"शाळेत मुलं विचारतात, सर, घरी कोणी वारलं का," मास्तर म्हणाले.

"सांगा, खिळे वारले," विमलबाई म्हणाल्या.

प्रत्येक रंगाची एक चिंधी वहीत टाचून तिच्याखाली त्या लिहीत: काय उकळले, किती वेळ, कोणत्या भांड्यात. त्या शेवटच्या नोंदीमुळेच माझे नशीब पालटले. डाळिंबाच्या सालींनी, रंग पक्का धरायला तुरटी घालून, मातीच्या मडक्यात कापड पिवळे झाले. त्याच साली, त्याच तुरटीने, थोडे आंबट ताक घालून माझ्यात उकळल्या, तर कापड हिरवे झाले. शेवाळासारखे, दबलेले, पण हिरवेच. बाईंनी तो प्रयोग चार वेळा केला. चारही वेळा तसाच रंग आला. मग त्यांनी वहीत लिहिले, "हिरवा रंग सालीचा नाही. टोपाच्या उघड्या तांब्याचा आहे. याला कल्हई लावू नये."

ही नोंद वहीत होती, मित्रांनो. वही कपाटात होती. आणि मी परसात होतो.

एकोणीसशे पंचेचाळीस सालच्या वैशाखात लोधिवलीहून अंबाबाई आल्या. भातशेती करणाऱ्या घरातल्या. बरोबर मुलगी आवडी होती. काखेत नऊ वार जाडेभरडे पांढरे कापड. त्या वर्षी कापड रेशनवर होते आणि आवडीच्या लग्नासाठी त्यांना एवढेच मिळाले होते. रंगीत लुगडे मिळाले नव्हते. पांढरे नेसून कोणती मुलगी मांडवात उभी राहील?

"बाई, तुमी म्हनं पाल्यापाचोळ्यातनं रंग काढता," अंबाबाई म्हणाल्या. "माज्या पोरीला हिरवं पायजे. माज्या पुतनीचं लगीन मागून आनलेल्या लुगड्यावर केलं. धा वरसं झाली, अजून तिची सासू तिला उसनी म्हनून हाक मारते. माज्या आवडीला कुनी उसनी म्हनता कामा नये."

"मी पूर्ण लुगडं अजून कधी रंगवलेलं नाही," विमलबाईंनी खरे ते सांगितले. "हातभर तुकडे रंगवलेत."

"मंग हातभर हातभर करून नऊ वार करा की," आवडी म्हणाली.

"गप गं. नवरी हायस ना तू?"

बाई हसल्या आणि त्यांनी शब्द दिला. हिरवे देईन. पैसे घेणार नाही, हेही सांगितले. लग्न रविवारी होते. कापड धुऊन, हिरड्याच्या पाण्यात बुडवून, उन्हात वाळवायला बुधवार गेला. गुरुवारी सकाळी डाळिंबाच्या साली आणायला विमलबाई सर्व्हिस मोटारीने कर्जतला गेल्या. शुक्रवारी रंगवायचे ठरले होते.

त्या गुरुवारी अंबाबाई आणि आवडी सरपण घेऊन परसात आल्या. आणि नेमका रस्त्याने कल्हईवाला ओरडत गेला.

अंबाबाईंनी मला पाहिले. माझ्या पोटातला हिरवा गंज पाहिला. त्यांना वाटले, बाईंच्या घरात करायला माणूस नाही, मास्तरांना शाळेतून सवड नाही, म्हणून एवढ्या चांगल्या भांड्याची ही दशा झाली. पैसे न घेणाऱ्या बाईंचे उपकार फेडायची वाटच त्या शोधत होत्या. ती सापडली.

"ए दादा, हिकडं ये रं!"

कल्हईवाल्याने परसात खड्डा खणला, भाता लावला. निखारे फुलले. मला तापवून त्याने नवसागराची पूड टाकली, कथील फिरवले, कापसाने चारी बाजूंनी घोटले. मला बोलता आले असते, तर मी त्या दिवशी ओरडलो असतो. पण अंबाबाई बाजूला उभ्या राहून "हितं ऱ्हायलं, हितं पन लाव" असे सांगत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर इतके समाधान होते की मला त्यांचा राग येईना. माझी एवढी काळजी कोणी कित्येक वर्षांत घेतली नव्हती. कल्हईवाल्याला त्यांनी घरचे दोन शेर तांदूळ दिले.

संध्याकाळी विमलबाई परतल्या. मी चांदीसारखा चमकत होतो.

"हे कुणी केलं?"

"मी," अंबाबाई म्हणाल्या. "तुमी काय बोलू नका आता. तोंड बगा तुमचं त्यात, दिसतंय का नाय?"

विमलबाईंनी खरेच वाकून पाहिले. मग त्या पायरीवर बसल्या. रागावल्या नाहीत. हिरवा रंग कुठून येत होता, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले.

"म्हंजी आता हिरवं येनार नाय?"

"या टोपात नाही."

"आमचा पान्याचा हंडा आनू? त्याला कल्हई नसते."

"त्याचं तोंड लहान. लुगडं आत फिरणार नाही, पट्टे पडतील."

घंगाळ मागायला आवडी तीन घरे फिरली. पण रंग उकळलेल्या घंगाळात पुन्हा आंघोळीचे पाणी कोण घेणार? कोणी दिले नाही.

शुक्रवारी पहाटेपासून तिघी मला घासत होत्या. वाळू, विटेची पूड, चिंच, नारळाचा काथ्या. कल्हई चांगल्या हाताने लावलेली होती. दुपारपर्यंत अंबाबाईंच्या बोटांची साले निघाली आणि माझ्या तळाला रुपयाएवढे चार ठिकाणी तांबे दिसले. तेवढेच. विमलबाईंनी हिशेब केला. सगळी कल्हई निघायला असे चार दिवस लागणार होते. हातात दीड होता.

"जेवढं येईल तेवढं पाहू," असे म्हणून त्यांनी साली उकळून लुगडे माझ्यात सोडले. अर्धा तास ते खालीवर केले, मग तासभर निवायला तसेच ठेवले. बाहेर काढले तेव्हा ते पिवळे होते. स्वच्छ पिवळे. फक्त एका टोकाला, जिथे कापड तळाशी टेकून राहिले होते, तिथे चार हिरवे ठिपके.

अंबाबाईंनी ते पाहिले आणि तोंडावर पदर घेतला. "डाग पडलं गं बाय. माज्याच हातानं पोरीचं लुगडं नासलं."

आवडी ते ठिपके बराच वेळ बघत होती.

"आये, रडू नको," ती म्हणाली. "चार पडलं म्हनून डाग दिसत्यात. चारशे पडू देत. मंग कोन डाग म्हनंल?"

विमलबाईंनी तिच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. कापड जिथे तांब्याला टेकते तिथेच हिरवे होते आणि कल्हई असते तिथे पिवळे राहते, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे तांबे उघडे कुठे करायचे ते आता आपल्या हातात होते. त्या घरात गेल्या आणि एक मोठा खिळा घेऊन आल्या.

"घासणं थांबवा, अंबाबाई."

त्यांनी मला उन्हात कलता धरला आणि माझ्या तळावर, कल्हईतून तांब्यापर्यंत पोचेल अशा जोराने, एक डहाळी कोरली. करवंदीची. जोडीजोडीने समोरासमोरची पाने, मध्ये काटे, टोकाला गोल फळांचे घोस. वैशाखात आमच्या डोंगरांवर तीच तर लगडलेली असते. मला खिळा लागला, पण आदल्या दिवशीच्या निखाऱ्यांएवढा नाही.

मग असे ठरले. लुगड्याचा दोन हातांचा भाग आंबट ताकात भिजवून माझ्या तळावर पसरायचा, वर पाटा ठेवायचा, खाली मंद विस्तव. तासाभराने उचलायचा, पुढचा भाग ठेवायचा. आवडीने पहिला भाग उचलला तेव्हा तिघीही वाकल्या. पिवळ्या कापडावर हिरवी डहाळी उठली होती. एक काटाही चुकला नव्हता.

शुक्रवारी सूर्य मावळेपर्यंत चार डहाळ्या झाल्या. शनिवारी सकाळी पाच. मास्तरांनी शाळेतून येऊन तीन वेळा पाटा उचलला, आणि पुन्हा कोणत्याही वासाबद्दल बोलणार नाही असे कबूल केले. नववा छाप उठवल्यावर आवडी लोधिवलीला पळाली. तिला हळद लागायची होती.

लग्नाला मी नव्हतो. पुढचे आवडीने नंतर परसात येऊन सांगितले, तेच सांगतो. मांडवात नवऱ्याची आत्या सोनुबाई पुढे आली आणि तिने लुगड्याचा काठ चिमटीत धरला.

"हे कुनाकडनं आनलं गं? आमच्याकडं कुनाकडं असलं नाय."

"कुनाकडनं नाय आनलं," आवडी म्हणाली. "माज्यासाठी केलंय."

सोनुबाई काही वेळ पाने चाचपत राहिली. मग म्हणाली, "माज्या नातीचं लगीन मार्गशीर्षात हाय. त्या बाईला सांगून ठेव."

त्यानंतर माझे चांगले दिवस आले. खालापूरपासून मोहोपाड्यापर्यंतच्या बायका पांढरे कापड घेऊन आल्या. तीन वर्षांत एकतीस लुगड्यांवर माझी डहाळी उठली. प्रत्येक छापाबरोबर माझे थोडे तांबे कापडावर जाई. कोरलेल्या रेषा पसरट झाल्या, काटे पुसट झाले. मग दुकानांत गिरणीची रंगीत लुगडी पुन्हा आली. ती स्वस्त होती आणि त्यांना थांबावे लागत नव्हते. लोकांचे चुकले असे मी म्हणणार नाही. अठ्ठेचाळीसच्या दिवाळीनंतर कोणी आले नाही. विमलबाई आता लाकडी ठशांवर प्रयोग करतात. मी परसात उपडा पडलो. माझ्या अंगावर चिखलाचे थर बसले.

गेल्या महिन्यात अंबाबाई आल्या. आवडीला दुसरी मुलगी झाली, हे सांगायला. बोलून झाल्यावर हात धुवायला परसात आल्या आणि त्यांना मी दिसलो. त्यांनी मला सुलटा केला, चिखल बोटाने खरवडला. सवयीने राखेची मूठ घेतली, काथ्या घेतला. आणि आतली पुसट डहाळी दिसताच हात तसाच हवेत थांबला.

मित्रांनो, आमची निगा राखा, असे तुम्हाला माझ्या जातीच्या प्रत्येक वस्तूने सांगितले असेल. ते खरेच आहे. पण ज्या हातांनी माझे सर्वांत मोठे नुकसान केले, त्या हातांइतकी माया मला कोणीच लावली नव्हती. म्हणून मी एवढेच वाढवून सांगतो: ज्याची वस्तू आहे, जो तिच्याकडून काम करून घेतो, त्याला आधी विचारा. एक प्रश्न विचारायला कितीसा वेळ लागतो?

अंबाबाईंनी घराकडे तोंड करून हाक मारली, "बाई, टोप घासू का?"

"बाहेरून घासा," आतून उत्तर आले. "आतून राहू द्या."

त्यांनी मला बाहेरून घासले. अर्धा तास, काठापासून तळापर्यंत. आत मात्र त्यांनी पाण्याचा थेंबही जाऊ दिला नाही.